शेडचा आवाज

तेरखेड्याच्या पुढं माळाच्या अंगाला एक वाडी आहे. नाव सांगत नाही. तिथल्या माणसांच्या मागं पोलीस, पंचनामे आणि पेपरवाले आधीच काय कमी लागलेत! वाडीत शेती थोडी आणि फटाका जास्त. ओढ्यापलीकडं माळावर पत्र्याची शेडं एकमेकांपासून लांब लांब उभी आहेत, आणि घरटी एक तरी बाई तिथं दारू भरायला जाते. दारू म्हणजे प्यायची नव्हे, उडवायची. प्यायची असती तर परवडली असती, असं म्हणणाऱ्या विधवा त्या वाडीत आहेत.

तर या वाडीचे कान निराळे. लवंगीची माळ लागू दे, सुतळी बाँब फुटू दे, लग्नात तोफा उडू देत, कुणी मान वर करत नाही. तान्ही लेकरंसुद्धा झोपेत कूस बदलतात, बस्स. पण एक आवाज असा आहे की तो आला की अख्ख्या वाडीच्या काळजाचं पाणी होतं. तो कडाडत नाही की फुटत नाही. बोदा असतो, लांबून येतो आणि आधी पायाच्या तळव्यांना कळतो, मग कानाला. धुम्म. हा शेडचा आवाज.

तो ऐकला की शेडातल्या बायांनी करायचं काय हे ठरलेलं. कुठं झालं विचारायचं नाही, चपला शोधायच्या नाहीत, मागं वळून बघायचं नाही. हातातलं टाकायचं आणि उताराला ओढ्याकडं पळत सुटायचं. ओढ्याच्या वाळूत पालथं पडायचं आणि मग एकमेकींची नावं पुकारायची. कारण एक शेड गेलं की त्याचा जळका तुकडा वाऱ्यानं दुसऱ्यावर जातो, पण जायला जरा वेळ घेतो. पळणाऱ्या माणसाला तेवढा वेळ पुरतो. वाडीत आज जी माणसं हिंडताना दिसतात, त्यातली कितीतरी त्या तेवढ्या वेळेवर जगलेली आहेत.

योगीराज याच वाडीचा. त्याचा बाप उत्तरेश्वर असल्याच एका धुम्ममध्ये गेला, तेव्हा योगीराज शाळेत पाढे म्हणत होता. आई त्याच्या आधीच गेलेली. मागं राहिली ती थोरली बहीण शिवकन्या. तिला तो अक्का म्हणायचा. अक्कानं काय केलं? ज्या शेडानं बाप खाल्ला, त्याच शेडात जाऊन बसली आणि भाऊ शिकवला. स्वतःच्या लग्नाचा विषय काढणाऱ्याला तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

योगीराज धाराशिवला कॉम्प्युटर शिकला, शिकता शिकता गाण्यांच्या नादाला लागला, आणि एका टायरवाल्याच्या दुकानावरची खोली घेऊन त्यानं स्टुडिओ थाटला. भिंतींना जुनी सतरंजी आणि अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. देवीची गाणी, हळदीची गाणी, निवडणुकीतली 'येऊन येऊन येणार कोण' छाप गाणी, सगळं करायचा. पोरगं गुणी होतं, खोटं कशाला बोला. त्याच्या डोक्यात एकच होतं, अक्काला शेडातून बाहेर काढायचं. तसं बोलला की ती हसायची. म्हणायची, "तुझं एक गाणं नीट चालू दे, मग बसते घरी पाय पसरून."

एक दिवस वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष रणधीर स्टुडिओत आला. तोंडात मावा, बोटात अंगठ्या. म्हणाला, "चैतात जत्रा हाय. डीजे सोलापूरचा आणतोय, पण ट्रॅक तुझा पायजे. असा बेस दे योग्या, की शेजारच्या गावात बायकांनी फळीवरची भांडी धरून बसावं. कुणाकडंच नसंल असं कायतरी दे. ह्यो गाजला तर सोलापूर-लातूरचे डीजेवाले तुझ्या दारात रांग लावत्याल."

झालं. योगीराजनं दार लावून घेतलं आणि कामाला बसला.

आता हे आवाज बनवायचं काम कसं चालतं तेवढं ऐका, म्हणजे पुढचं समजेल. पूर्वी टीव्हीची केबल निघाली की जी खरखर यायची, तिथून सुरुवात करायची. त्या खरखरीत सगळे आवाज असतात, बारीक, जाड, किनरे, घोगरे, सगळे एकदम. मग तिच्यावर फिल्टर लावायचा. फिल्टर म्हणजे चाळण. एक चाळण खालचे जाड आवाज जाऊ देते आणि वरचे बारीक अडवते. कुठून अडवायचं ते एका बटणावर असतं, त्याला कटऑफ म्हणतात. बटण डावीकडं फिरवत गेलं की आवाजातला तिखटपणा निघून जातो आणि नुसता गर राहतो.

योगीराजनं त्या खरखरीचा आधी फटाका केला. चांगला जमला, पण फटाका तो फटाकाच. त्यानं कटऑफ खाली ओढला. फटाक्याची धार गेली आणि गंमत म्हणजे आवाज लांब गेला, आधी गल्लीच्या टोकाला, मग आणखी पलीकडं. लांबून येणाऱ्या आवाजाचं तसंच असतं, वाटेत त्याचा तिखट भाग गळतो आणि जाड तेवढा पोचतो. त्यानं अजून खाली ओढला. मग रेझोनन्सचं बटण वाढवलं. चाळण जिथं कापते नेमक्या त्या काठावर ते बटण आवाजाला फुगवतं. पत्रा कण्हावा तसं त्या आवाजाच्या पोटात काहीतरी कण्हलं. बटण केसभर इकडं, केसभर तिकडं करत तो एका जागी आला आणि त्यानं हेडफोन कानावरून ओढून फेकले.

वर्गातला तो दिवस जसाच्या तसा समोर आला, गुरुजींच्या हातातला खडू, एकदम उभी राहिलेली पोरं आणि खिडकीतून दिसणारा माळावरचा धूर.

कळलं होतं हो त्याला, काय सापडलं ते! चांगलं कळलं होतं. तिथल्या तिथं पुसून टाकायचं आणि खाली उतरून चहा प्यायचा, एवढंच काम होतं. पण माणूस आपल्या कारागिरीवर भाळला की त्याला कोण आवरणार? त्याच्या मनात आलं, ज्यानं माझ्या अंगावर काटा आला, त्यानं लोक येडे होतील. त्यानं तो आवाज जपून ठेवला आणि गाण्यात जिथं ढोल एकदम थांबतात आणि सगळे श्वास रोखतात, तिथं नेमका तो बसवला.

पहिल्यांदा तो वाजला शेजारच्या गावात, नवरदेवाच्या परण्याला, मारुतीला जायच्या मिरवणुकीत, भर दुपारी. रणधीरनं जत्रेआधी नमुना म्हणून दिला होता. वारा वाडीकडं होता. माळावरच्या शेडात बाया दारू भरत बसलेल्या आणि आला धुम्म. मग काय! कुणाचं पातळ खिळ्याला फाटलं, कुणाचं डोकं चौकटीला आपटलं, पण सगळ्या ओढ्यात. प्रेमाबाई दगडावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. वाळूत पालथ्या पडून त्या एकमेकींची नावं पुकारत होत्या, आणि तेवढ्यात वाऱ्यावर हलगी ऐकू आली. गाणं ऐकू आलं. ढोल थांबले की पुन्हा धुम्म, पुन्हा ढोल, पुन्हा धुम्म, तालात. काही बाया हसायला लागल्या, काही तशाच पडून रडत राहिल्या. धूर कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्का एसटीनं धाराशिवला आली. जिना चढून वर आली ती दारातूनच म्हणाली, "त्यो आवाज तुझा हाय म्हणं?"

"बस तरी अक्का. पाणी घे."

"पाणी राहू दे. वाजव."

त्यानं बारीक करून वाजवला. धुम्म झालं आणि अक्का खुर्चीत नव्हती. ती दाराशी होती, कडीवर हात, डोळे फाटलेले. आपण कधी उठलो हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"बंद कर त्ये."

"बंद केलं. अगं, खोटा हाय त्यो. हे बघ." त्यानं तिला बटण दाखवलं. कटऑफ वर नेला, आवाज जवळ आला, तिखट झाला, साधा सुतळी बाँब झाला. "दिसलं? नुसता ह्या बटणाचा खेळ हाय."

अक्का बघत राहिली. म्हणाली, "मग ह्योच ठेव की! ह्येला कोण भितंय?"

"ह्येला कोण भीत न्हाय, म्हणून तर ह्येला कोण विचारत न्हाय अक्का."

अक्का त्याच्याकडं वळली. "बापाचं मरण इकायला काढलंस व्हय रं?"

हे त्याला लागलं. भडभडून आलं त्याला. "तुला तिथनं बाहेर काढायचंय मला! रोज तू घरी येस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. दुसरं काय हाय माझ्याजवळ सांग!"

इथं बाई विरघळली. त्याच्यापुढं ती कायमच विरघळायची, लहानपणापासून. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि मग हळूच, मागितलं तर एवढंच मागितलं, "मग निदान आदी सांगत जा. बाया मला खाऊ का गिळू करत्यात. प्रेमाबाईकडं मला तोंड दाखवायला जागा न्हाय राहिली. मुकादम म्हणतोय, परत उगंच पळालाव तर कामावर यायचं न्हाय. आज हितं वाजणार, उद्या तिथं वाजणार, सांगावा धाडत जा म्हंजे आमी जागेवर बसून राहू."

"सांगीन. तुला सांगितल्याबिगर आपल्या शिवारात त्यो वाजणार न्हाय. आईची आण."

एक बटण फिरवायचं होतं, बोटभर! तेवढं सोडून त्यानं आईची आण घातली. आणि पाळली, हे त्याहून वाईट.

गाणं चाललं. चाललं म्हणजे काय, सुटलंच. वरातीत तेच, हळदीला तेच, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तेच. लातूरच्या डीजेवाल्यांचे फोन यायला लागले. आणि दर वेळी योगीराज मुकादमाला, वैजनाथला, फोन करायचा, आज दुपारी अमुक गावात वरात आहे, बायांना सांगा. फोन शेडात नेता येत नाहीत, म्हणून वैजनाथ दारोदार जाऊन सांगायचा. मग धुम्म यायचा आणि बाया बसून राहायच्या. पहिल्या वेळी त्यांच्या हातांना कापरं भरलं, काहींनी डोळे मिटून घेतले. नंतर नंतर कापरंही गेलं. म्हातारी विठाबाई तर दारूच्या पाटीवर बोटानं ठेका धरायची. शाळेतली पोरं 'धुम्म' म्हणून मैदानात धडाधड मरून पडायची आणि हसत उठायची.

अक्काला नाही म्हटलं तरी अभिमान वाटायला लागला होता. आवाज आला की ती बायांकडं बघून म्हणायची, "आमच्या योगीचं हाय." बाया तिला चिडवायच्या, "व्हय बाई, आता तू काय शेडात ऱ्हातीस!" ती म्हणायची, "जत्रा होऊ दे, मग बसते घरी."

एकटा कल्याणप्पा किराणावाला नाक मुरडायचा. त्याची म्हैस त्या आवाजाला अजून दावं ओढायची. "माझी म्हस बिचकती," तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, "आन् तुमी बिडी वडत बसताव." लोक हसून साखर बांधून घ्यायचे.

चैत्रात जत्रा आली. ऊन असं की माळावर बघवत नव्हतं. शेडात त्या दिवशीही काम होतं, देवापुढं उडवायची दारू भरायची राहिली होती. योगीराज आदल्या दिवशीच वाडीवर आला होता. सकाळी अक्का डोक्याला फडकं बांधत होती, तेव्हा त्यानं तिला स्वतःच सांगितलं. "दुपारची जेवणं झाली की मारुतीपुढं ट्रायल हाय. लई जोरात येईल, स्पीकरचं भिताड उभं केलंय रणधीरनं. कुणी हलू नका."

"आज आपल्याच गावात व्हय!" अक्का हसली. "सांगते समद्यांना. आन् तू पोटभर जेव. सगळी भाकरी तशीच ठेवू नगंस."

जेवणं झाली. पण ट्रायल काही होईना. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. सोलापूरचा साउंडवाला त्याच्या पोटात हात घालून शिव्या देत बसला. स्पीकरची भिंत मुकाट उभी. लिंबाखाली म्हातारी माणसं टेकलेली, पोरं तोंडं करपवत समोर तिष्ठत होती, रणधीर मिनिटाला "काय झालं रं?" म्हणून विचारत होता. मुकादम वैजनाथही प्रसादाचं खोबरं चावत तिथंच उभा होता. योगीराजच्या मनात आलं, उशीर झालाय, अक्काला सांगावा धाडावा का, की अजून लागलं नाही म्हणून? मग वाटलं, त्यात काय सांगायचं, आत्ता सुरू होईल. त्यानं लॅपटॉप उघडला आणि मिक्सरला जोडायची वायर उलगडून हातात घेतली.

धुम्म.

"आयला!" रणधीर ओरडला. "काय बेस हाय योग्या! छातीत शिरला गड्या!" पोरं धडाधड मातीत मरून पडली आणि खिदळायला लागली. मंडळाच्या गड्यांनी हात वर केले, कुणीतरी शीळ घातली. लिंबाखालच्या म्हाताऱ्यांनी नुसते डोळे उघडले आणि मिटले. दुकानामागं कल्याणप्पाची म्हैस दावं तोडायला बघत होती.

योगीराजनं हाताकडं बघितलं. वायर हातात होती. जनरेटर गप्प होता.

"रणधीर," तो म्हणाला. "अजून जोडलंच न्हाय."

"काय न्हाय?"

"वायर माझ्या हातात हाय रं!"

रणधीरच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागला. वैजनाथनं खोबरं चावायचं थांबवलं. तोवर योगीराज पळत सुटला होता. लिंबावरून, कल्याणप्पाच्या दुकानावरून, पाणंदीनं ओढ्याकडं. "पळा! पळा!" असं तो ओरडत होता, पण कुणाला ओरडत होता? ज्यांनी पळायचं त्या पलीकडं होत्या. पळता पळता त्याच्या जिवात एकच आस होती. आता वळण आलं की ओढा दिसेल. ओढ्यात बाया असतील. पालथ्या पडलेल्या असतील, नावं पुकारत असतील, मला शिव्या घालतील. देवा, मला शिव्या घालू देत. त्यांची जुनी सवय आहे, अंगात मुरलेली आहे, ती कुठं जाणार! सांगितलं असलं तरी पाय उचललेच असतील.

तो वळणावर आला. ओढा रिकामा होता.

वाळूत पावलं होती मात्र. ताजी, पळत आलेली, खोल रुतलेली, कितीतरी. काठाशी सावलीत एकटी विठाबाई बसली होती, धापा टाकत, पदरानं वारा घेत. त्याला बघून ती हसली.

"मावशी! समद्या कुठं हायत? अक्का कुठं हाय?"

"आरं, सवय मेली जातीय का!" विठाबाई म्हणाली. "पळालो की आमी समद्या, हितवर आलो. शिवकन्या तिकडं दारात उभी ऱ्हाऊन हसायला लागली. हाका मारू मारू माघारी बोलावलं तिनं. म्हणली, येड्या झालाव का गं, आमच्या योगीचं हाय, सकाळीच सांगितलंय त्यानं. गेल्या बाबा समद्या लाजून आत. मला म्हातारीला चढ चढवंना, म्हणून म्हणलं जरा बसावं." ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याचे अनवाणी पाय, हातात अजून धरलेली वायर. तिच्या कपाळावर आठी पडली. "पर तू हितं कसा रं? तू हितं हायस, मग तिकडं वाजवतंय कोण?"

तो चढावर धावला, हातापायांनी, माती ओरबाडत. काठावर त्याचं डोकं वर आलं तेव्हा त्याला अक्काच्या शेडामागं, लांबच्या शेडावरून चढणारा धूर दिसला, मग शेडाचं दार दिसलं आणि दारात फडकं बांधलेली अक्का दिसली. तिनंही त्याला बघितलं. भाऊ आला म्हणून तिनं हात वर केला.

"अक्का!"

दुसरा आवाज जवळून आला.